नळीचा हिशेब

मुंबईची थंडी ती काय, असं पुणेकर आणि नाशिककर हसून म्हणतात. पण डिसेंबर लागला की खाडीकाठच्या आमच्या ट्रॉम्बेतही पहाटेचं पाणी हाताला झोंबतं. फजरच्या नमाजाआधी वजू करणारे म्हातारे, सकाळच्या शाळेची पोरं, पहिल्या पाळीला निघालेला कामगार, सगळ्यांनाच ऊन पाणी हवं असतं. मग घरात विषय निघतो. गॅसची लाइन आलीच आहे, तर बाथरूमसाठी गॅसचा गीझरही घेऊन टाकू. दुकानदार गीझर देतो, ओळखीचा फिटर येतो, शेगडीच्या नळीला मध्येच ‘टी’ मारतो, आणि अर्ध्या तासात काम उरकतं. या अर्ध्या तासात एक प्रश्न मात्र बहुतेक वेळा कुणी विचारत नाही. शेगडीसाठी टाकलेली ही नळी गीझरला पुरेल का?

प्रश्न साधा आहे, फिटरच्या अखत्यारीतला आहे. मी काही इंजिनीअर नाही. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण या प्रश्नाच्या मागे जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्याचे काही धागे थेट आपल्या मुंबईत येऊन पोचतात. आज तो इतिहास थोडा उलगडून पाहू.

आपल्या घरात पाणी तापवायचं साधन म्हणजे बंब. तांब्याचा, पोटात जाळ आणि भोवती पाणी. परसात किंवा न्हाणीघराच्या दाराशी तो धडधडायचा. सरपण, गोवऱ्या, कोळसे, जे असेल ते त्याच्या पोटात जायचं. जाळ आणि माणूस यांच्यामध्ये तिथे नळी नव्हती. जाळ जिथे, तिथेच इंधन. आणि धूर डोळ्यांना दिसत होता, झोंबत होता, म्हणून आपोआपच माणूस दार उघडं ठेवत होता. गॅसने हे सगळं बदललं. इंधन एकीकडे, जाळ दुसरीकडे आणि दोघांच्या मध्ये नळी. त्यामुळे नळीचं माप हा घरातला एक नवा प्रश्न जन्माला आला.

दगडी कोळसा बंद भांड्यात तापवला की त्यातून जळणारा वायू निघतो. विल्यम मर्डॉक नावाच्या तंत्रज्ञाने १७९२ मध्ये इंग्लंडमधल्या रेडरुथ गावी आपल्या घरात या वायूचा दिवा लावला. १८१२ मध्ये लंडनमध्ये गॅस विकणारी कंपनी उभी राहिली. पण गॅस घरोघरी न्यायचा तर लांबच लांब लोखंडी नळ्या हव्यात, आणि त्या काळी त्या सहज मिळत नव्हत्या. नेपोलियनशी चाललेली युद्धं १८१५ मध्ये संपली आणि बंदुकांच्या नळ्यांचे ढीग पडून राहिले. गॅसवाल्यांनी त्या नळ्या एकीला एक पेच मारून जोडल्या आणि त्यातून गॅस खेळवला, असं या धंद्याच्या इतिहासात नेहमी सांगितलं जातं. बंदुकीच्या नळीला इंग्रजीत ‘बॅरल’ म्हणतात. तिथल्या जुन्या फिटरांच्या बोलीत पाइपालाही ‘बॅरल’च म्हणत, ते त्यामुळेच. ज्या नळीतून गोळी सुटायची, तिच्यातून उजेड येऊ लागला. कवीला आणखी काय हवं! पण इथे एक व्यवहाराची गोष्टही लक्षात घ्यायला हवी. त्या नळ्यांचा व्यास गोळीच्या हिशेबाने ठरलेला होता. गॅसचा हिशेब अजून कुणी मांडलेलाच नव्हता.

मुंबईत गॅस आधी आला तो एका घरात. रस्त्यांवर तो बराच पुढे आला. वाडिया या जहाजबांधणी करणाऱ्या घराण्यातले अर्देशीर करसेटजी यांनी १८३४ मध्ये माझगावच्या आपल्या बंगल्यात आणि बागेत गॅसचे दिवे लावले. ती करामत पाहायला गव्हर्नर अर्ल ऑफ क्लेअर स्वतः आले होते. हेच अर्देशीर पुढे १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. म्हणजे मुंबईतली घरगुती गॅसची पहिली नळी टाकली ती कुठल्या कंपनीने टाकली नाही, एका मुंबईकराने टाकली. शहराच्या रस्त्यांना गॅसची वाट त्यानंतर तीस वर्षं पाहावी लागली.

बॉम्बे गॅस कंपनी १८६२ मध्ये स्थापन झाली. ७ ऑक्टोबर १८६५ च्या संध्याकाळी मुंबईचे काही रस्ते पहिल्यांदा गॅसने उजळले. भेंडीबाजार, एस्प्लनेड रोड आणि चर्चगेट स्ट्रीट हे ते रस्ते. दिवा लावणारा माणूस एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडे जाऊ लागला की पाहणाऱ्यांचा घोळका त्याच्यामागून चालत असे. कंपनीचा कारखाना परळ-लालबाग भागात होता. लालबागला ‘गॅस कंपनी लेन’ हे नाव आजही आहे. गिरणगावातल्या कित्येकांनी हा पत्ता पाकिटावर लिहिला असेल, पण ती गॅस कंपनी कुठली, हे ठाऊक असलेले आता थोडेच. पुढे १९०५ च्या सुमारास शहरात वीज आली, रस्त्यावरचा गॅस हळूहळू मागे पडला. ‘गॅसबत्ती’ हा शब्द मात्र राहिला आणि तो चिकटला रॉकेलवर चालणाऱ्या पेट्रोमॅक्सला. लग्नाच्या वरातीत, उरुसात, गणपतीत डोक्यावर जी गॅसबत्ती घेतली जायची, तिच्यात कारखान्यातून आलेल्या गॅसचा थेंबही नव्हता.

तो कारखान्यातला गॅस नळीतून चालायचा कसा? लोखंडाची एक अजस्र घंटा पाण्याच्या हौदात उपडी ठेवलेली असायची. तिच्या पोटात गॅस. घंटा स्वतःच्या वजनाने खाली बसू पाहायची आणि त्या भाराने गॅस नळीत ढकलला जायचा. तो दाब फार थोडा, काही इंच पाण्याच्या स्तंभाइतका. काचेच्या वाकड्या नळीत पाणी भरून तो मोजत. या एवढ्याशा दाबावर मैलभर दूरच्या दिव्यापर्यंत गॅस पोचवायचा होता. नळी थोडी अरुंद पडली की शेवटचा दिवा मिणमिणायचा. रुंद घ्यावी तर लोखंडाचा खर्च वाढायचा. म्हणून नेमकं माप काढणारं सूत्र हवं होतं.

ते सूत्र दिलं विल्यम पोल या इंग्रज इंजिनीअरने. हा पोल १८४४ ते १८४७ अशी तीन वर्षं मुंबईत होता. एल्फिन्स्टन संस्थेत तो इंजिनीअरिंगचा प्राध्यापक होता. बाळशास्त्री जांभेकर ज्या संस्थेत शिकवत, दादाभाई नौरोजी ज्या संस्थेत शिकले, ती हीच. इथल्या मुलांसाठी इंजिनीअरिंगचा अभ्यासक्रम आखण्याचं काम त्याने केलं, आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेसाठी जमिनीची पाहणीही केली. पुण्यात इंजिनीअरिंगचा वर्ग निघाला तो १८५४ मध्ये, म्हणजे पोल परत गेल्यानंतर सात वर्षांनी. मायदेशी परतल्यावर १८५१ च्या सुमारास त्याने कमी दाबाच्या गॅससाठी नळीचं माप काढण्याचं सूत्र मांडलं. ‘पोलचं सूत्र’ म्हणून ते जगभरच्या गॅसवाल्यांच्या पुस्तकांत गेलं. माणूस मोठा गमतीचा होता. संगीतात ऑक्सफर्डची डॉक्टरेट, पत्त्यांच्या खेळावर पुस्तकं, आणि इंजिनीअरिंग हा धंदा. मुंबईतल्या तीन वर्षांतच हे सूत्र त्याला सुचलं, असा दावा मी करणार नाही. पण आज ट्रॉम्बेतल्या एखाद्या घरात नळी पुरेल की नाही हे ज्या हिशेबाने ठरतं, तो मांडणारा माणूस याच शहरात फळ्यासमोर उभा राहून शिकवत होता, एवढं खरं आहे.

पोलच्या सूत्रात चार गोष्टी आहेत. नळीचा व्यास, तिची लांबी, गॅस पाण्यासारखा वाहताना किती दाब खर्च होतो ते, आणि गॅस हवेच्या मानाने जड की हलका ते. त्यातून तासाला किती गॅस जाईल ते निघतं. आकडे सोडून नुसता अर्थ पाहू. नळीचा व्यास दुप्पट केला तर गॅस किती जास्त जाईल? आपण पटकन म्हणू, दुप्पट. थोडा विचार केला तर म्हणू, चौपट, कारण तोंडाचं क्षेत्रफळ चौपट होतं. खरं उत्तर आहे साडेपाच पटींहूनही थोडं जास्त. कारण वाहणारा गॅस नळीच्या भिंतीला घासत जातो, आणि रुंद नळीत भिंतीला घासणारा हिस्सा एकूण गॅसच्या मानाने कमी असतो. आता उलट बाजूने बघा. नळी तीच ठेवून दुप्पट गॅस न्यायचा तर दाबाचा खर्च दुप्पट होत नाही, चौपट होतो. चौपट गॅस न्यायचा तर सोळापट. नळीच्या हिशेबातली सगळी फसगत इथे होते. माणसाच्या मनाला बेरीज कळते, नळी मात्र घातांकांनी हिशेब करते.

गीझरचा जन्मही याच काळातला. १८६८ मध्ये लंडनमधल्या बेंजामिन मॉन या रंगारी माणसाने गॅसवर पाणी तापवणारं यंत्र काढलं. आइसलंडमध्ये जमिनीतून उकळत्या पाण्याचे फवारे उडतात, त्यांच्या नावावरून त्याने यंत्राला ‘गीझर’ म्हटलं. तोच शब्द फिरत फिरत आपल्या बाथरूममध्ये आला. मॉनच्या यंत्रात एक मोठी उणीव होती. जळालेला वायू बाहेर नेणारं धुराडं त्याला नव्हतं. ही उणीव लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचं आहे.

आता ट्रॉम्बेकडे येऊ. कोळी आणि आगरी लोकांचं हे जुनं तुर्भे गाव अवघ्या दोन-तीन वर्षांत देशाची भट्टी झालं. १९५४ मध्ये पहिली रिफायनरी सुरू झाली, १९५५ मध्ये दुसरी. १९५६ मध्ये ‘अप्सरा’ अणुभट्टी पेटली, त्याच वर्षी टाटांचं औष्णिक वीजकेंद्रही. १९६५ मध्ये खत कारखाना आला. स्वयंपाकाचा सिलिंडरही मुंबईत पहिल्यांदा दिसला तो याच सुमारास. बर्मा शेल कंपनी तो ‘बर्शेन’ या नावाने विकत असे. आज भारत पेट्रोलियम आहे ती हीच जागा.

पण कारखाना शेजारी असणं आणि त्याचं देणं घरात येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या लहानपणी रात्री बाहेर खाटेवर पडलं की रिफायनरीच्या उंच चिमणीवरची ज्योत दिसायची. तिच्या उजेडात ढगाचं पोट तांबूस व्हायचं. रिफायनरीत जादा झालेला गॅस सुरक्षिततेसाठी असा जाळावा लागतो, हे पुढे कळलं. त्या वेळी एवढंच कळायचं की वर आभाळात गॅस फुकट जळतोय आणि खाली अम्मी रॉकेलच्या स्टोव्हला पिन मारतेय. रेशनच्या दुकानासमोर डब्यांची रांग असायची. माणूस घरी जाऊन यायचा, पण डबा त्याची जागा धरून ठेवायचा. याच भागात १७ मे १९७६ रोजी, आणीबाणीच्या काळात, अणुसंशोधन केंद्राशेजारची जनता कॉलनी पाडली गेली आणि सुमारे सत्तर हजार माणसं चीता कॅम्पच्या दलदलीत नेऊन बसवली गेली. त्या माणसांनी नव्या जागी चुली मांडल्या त्या लाकडाच्या आणि रॉकेलच्या. वरची ज्योत तशीच जळत होती.

मधल्या काळात समुद्रात एक मोठी घटना घडली होती. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या जहाजाला मुंबईपासून दूर अरबी समुद्राच्या तळाखाली तेल लागलं. १९७६ मध्ये बॉम्बे हायचं उत्पादन सुरू झालं आणि १९७८ मध्ये समुद्राखालून टाकलेल्या नळीने तेल आणि गॅस उरणच्या किनाऱ्याला लागला. तिथून खाडी ओलांडून ट्रॉम्बे. खत कारखान्याने हा गॅस घेतला, वीजकेंद्राने घेतला. घरांची पाळी यायला आणखी दीड-दोन दशकं जावी लागली. ८ मे १९९५ रोजी महानगर गॅस ही कंपनी स्थापन झाली. गेल आणि ब्रिटिश गॅस हे तेव्हा तिचे भागीदार होते, महाराष्ट्र शासनाचाही हिस्सा. वडाळ्याला शहराचं प्रवेशद्वार म्हणजे ‘सिटी गेट स्टेशन’ उभं राहिलं आणि तिथून पिवळ्या-नारिंगी नळ्या उपनगरांच्या पोटात शिरल्या. आज लाखो घरांत हा गॅस आहे. गल्लीच्या तोंडाशी लाइन आली, पण आत कधी येणार, हा प्रश्न मात्र कित्येक वस्त्यांत अजून संपलेला नाही.

या प्रवासात दाब कसा उतरत जातो ते पाहण्यासारखं आहे. मुख्य पोलादी नळीत तो फार मोठा असतो. रस्त्याखालच्या प्लास्टिकच्या नळीत साधारण ४ बार. इमारतीच्या अंगावर चढणाऱ्या रायझरमध्ये १०० मिलिबार. आणि मीटरपाशी, आपल्या घरात शिरताना, फक्त २१ मिलिबार. म्हणजे किती? साधारण वीतभर पाण्याच्या स्तंभाइतका. आपल्या भोवतीच्या हवेच्या दाबाचा जेमतेम पन्नासावा हिस्सा. लालबागच्या त्या लोखंडी घंटेच्या काळात दाब जसा पाण्याच्या इंचांत मोजत, तसाच तो आपल्या स्वयंपाकघरात आजही आहे. दाब एवढासा म्हणूनच घर सुरक्षित असतं. आणि एवढासा म्हणूनच नळीचा हिशेब चुकवून चालत नाही.

आता खरोखरचा हिशेब करू. दोन बर्नरची शेगडी पूर्ण पेटली तर तासाला साधारण ०.४ घनमीटर गॅस खाते. मिनिटाला सहा लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवणारा लहान गीझर तासाला सव्वा घनमीटर मागतो. म्हणजे भिंतीवरचं ते इवलंसं यंत्र एकटं तीन शेगड्यांइतकं खातं. दोन्ही एकदम चालू झाले की नळीवरचा भार पूर्वीच्या चौपट होतो. भार चौपट, म्हणजे पोलच्या हिशेबाने दाबाचा खर्च सोळापट.

अर्ध्या इंची, म्हणजे १५ मिलिमीटर आतल्या व्यासाची दहा मीटर नळी घ्या. नुसत्या शेगडीला तिच्यात दाबाचा खर्च एका मिलिबारच्या चाळिसाव्या हिश्श्याइतका, नगण्य. गीझर जोडला की तो ०.४ मिलिबारच्या पुढे जातो. ब्रिटनमधल्या जुन्या शिरस्त्यानुसार मीटरपासून उपकरणापर्यंत एक मिलिबारपेक्षा जास्त दाब खर्च होऊ नये. म्हणजे दहा मीटरला ही नळी पुरते. पण मोठ्या घरात, वळसे घेत, पंचवीस मीटरवरच्या बाथरूमपर्यंत तीच नळी नेली की ती मर्यादा ओलांडते. प्रत्येक वळण, प्रत्येक एल्बो म्हणजे आणखी अर्ध्या मीटरची नळीच समजायची. आता शेवटचे तीन मीटर कुणी आठ मिलिमीटरच्या बारीक रबरी नळीने जोडले असं धरा. गीझरच्या एकट्या भाराला त्या तीन मीटरमध्येच १.७ मिलिबार खर्च होतात. तेच तीन मीटर अर्ध्या इंची नळीत ०.०७ मिलिबारमध्ये निभावतात. व्यास जेमतेम निम्म्यावर आला आणि खर्च तेवीसपट झाला. म्हणून अशा घरात सून गीझर सुरू करते आणि सासूच्या तव्याखालची आच बसते. सासूला वाटतं गॅस कमी येतोय. गॅस तेवढाच येतोय, वाट अरुंद आहे.

मीटरलाही मर्यादा असते. आपल्याकडे घरगुती मीटर सर्वसाधारणपणे तासाला अडीच घनमीटरपर्यंतचा असतो. एक शेगडी, एक गीझर, दीड-पावणेदोन घनमीटर, तिथवर ठीक. दोन बाथरूम, दोन गीझर आणि शेगडी मिळून बेरीज तीनच्या जवळ जाते. तिथे कितीही जाड नळी टाकली तरी दार अपुरं पडतं.

आणखी एक चूक फार होते. घरात सिलिंडरवरचा गीझर असतो, लाइन आली की तोच लाइनला जोडून टाकायचा. पण सिलिंडरचा गॅस घट्ट. तेवढ्याच आकारमानात त्याच्यात अडीच पटींहून जास्त उष्णता असते आणि तो रेग्युलेटरमधून ३० मिलिबारने येतो. नळीचा गॅस विरळ आणि दाब २१. तेवढीच उष्णता हवी तर अडीचपट गॅस कमी दाबावर आणायचा, म्हणजे जेट मोठं हवं, नळीही मोठी हवी. ब्रिटनमध्ये उत्तर समुद्रातला नैसर्गिक वायू आला तेव्हा १९६७ ते १९७७ अशी दहा वर्षं त्यांनी घराघरांत माणसं पाठवली. सुमारे १ कोटी ३० लाख ग्राहकांच्या शेगड्या आणि हीटर एकेक करून नव्या गॅसला जुळवून दिले. एका देशाने दहा वर्षं जे काम सरकारी शिस्तीने केलं, ते आपल्याकडे कुणी एखादी संध्याकाळ स्क्रू-ड्रायव्हर घेऊन उरकायला बघतो.

इथवर मी येणाऱ्या नळीबद्दल बोललो. पण माणसं मरतात ती बहुतेक वेळा दुसऱ्याच वाटेमुळे. एक घनमीटर गॅस नीट जळायला साधारण दहा घनमीटर हवा लागते. चार बाय सहा फुटांचं, आठ फूट उंचीचं बाथरूम घ्या. त्यात हवा मावते साडेपाच घनमीटरांहून थोडी कमी. गीझर तासाला साडेबारा घनमीटर हवा मागतो. म्हणजे दार-खिडकी बंद असेल तर पंचवीस-सव्वीस मिनिटांत त्या खोलीतल्या सगळ्या हवेचा हिशेब संपतो. धोका तर त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. हवेतला प्राणवायू दोन-तीन टक्क्यांनी उतरला तरी ज्योत अर्धवट जळू लागते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. गॅसगळती कळावी म्हणून गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेला उग्र वास ज्योतीत जळून जातो, त्यामुळे नाकालाही पत्ता लागत नाही. रक्तातला प्राणवायू वाहणारा घटक या वायूला प्राणवायूच्या दोनशेपटींहून जास्त ओढीने धरतो. डोकं जड होतं, पाय लटके पडतात, आणि माणसाला वाटतं गरम पाण्याने सुस्ती आली. बंबाचा धूर झोंबत होता, म्हणून माणूस वाचत होता. हा धूर झोंबत नाही. दर हिवाळ्यात आतून कडी लावलेल्या एखाद्या बाथरूमची बातमी वर्तमानपत्रात येते आणि आपण पान उलटतो.

मॉनच्या १८६८ च्या गीझरला जे नव्हतं, तेच दीडशे वर्षांनंतरही आपल्या कित्येक बाथरूममध्ये नसतं, ते म्हणजे धुराडं.

वासाचीही एक कथा आहे आणि ती गीझरच्याच भाऊबंदांची, हीटरची आहे. अमेरिकेत टेक्सास राज्यात न्यू लंडन गावच्या शाळेत गॅसचे हीटर होते. पैसे वाचवण्यासाठी शाळेने शेजारच्या तेल कंपनीच्या नळीला परस्पर जोड दिला. तो गॅस बिनवासाचा होता. गळती तळघरात साचत गेली आणि १८ मार्च १९३७ रोजी एका ठिणगीने सगळी इमारत उडाली. सुमारे तीनशे मुलं आणि शिक्षक गेले. त्यानंतर गॅसमध्ये वास मिसळणं सक्तीचं होत गेलं. आज आपल्या गॅसला जो वास येतो, त्याच्यामागे ती मुलं आहेत. परस्पर जोड देण्याची आपली सवय मात्र गेलेली नाही.

मग करायचं काय? काम मोठं नाही. घरात एकाच वेळी जास्तीत जास्त काय काय पेटेल, त्याची बेरीज करायची. मीटरपासून सर्वांत लांबच्या उपकरणापर्यंतचं अंतर वळणांसकट मोजायचं. त्यावरून नळीचा व्यास ठरवायचा. मीटरवरचा आकडा वाचायचा. गीझरसाठी गॅस कंपनीकडे अर्ज करून तिच्याच माणसाकडून वेगळा पॉइंट घ्यायचा, शेगडीच्या रबरी नळीवर टी मारायचा नाही. आणि गीझर बाथरूमच्या बाहेर, उघड्या हवेशी, धुराड्यासकट लावायचा. आत फक्त गरम पाण्याचा नळ येऊ द्यायचा. हे सगळं नियमांच्या पुस्तकांत आहेच. २००६ च्या कायद्याने नेमलेल्या नियामक मंडळाने शहरी गॅससाठी सुरक्षेचे नियम २००८ मध्येच काढले.

प्रश्न आहे तो पुस्तक आणि हात यांच्यामधल्या अंतराचा. आमच्या ट्रॉम्बे-मानखुर्द भागातली कितीतरी पोरं फिटर आहेत, प्लंबर आहेत. हात सोन्याचा. पाना धरला की आटा बरोबर बसतो, थेंब गळत नाही. उस्तादाकडून शिकलेली, शिडी धरता धरता. पण नळी गळत नाही म्हणजे काम झालं, एवढंच त्यांना शिकवलेलं असतं. किती गॅस, किती लांबी, किती हवा, हा तक्ता कुणी त्यांच्या हातात दिलेला नसतो, आणि तो इंग्रजीत असला तर दिला काय नि न दिला काय. पोलने आपलं सूत्र मांडलं त्याला पावणेदोनशे वर्षं होत आली. ते एका पानात मावतं. आपल्या भाषेत, आपल्या आकड्यांत, व्यास आणि लांबीचा एक छोटा तक्ता प्रत्येक आयटीआयच्या भिंतीवर, प्रत्येक गीझरच्या खोक्यात आणि प्रत्येक मीटरशेजारी लावता येईल. त्यातलं शेवटचं वाक्य मोठ्या अक्षरात असावं: हवा येऊ द्या.

तोपर्यंत हा प्रश्न आपणच विचारायचा आहे. फिटर दाराशी आला की त्याला चहा द्या, आणि तो पाना काढायच्या आधी विचारा, ‘बाबा, ही नळी पुरेल का? आणि धूर जाणार कुठून?’ त्याला उत्तर माहीत असेल तर उत्तमच. नसेल तर त्या दिवशी काम थांबवा. एक दिवस थंड पाण्याने आंघोळ केल्याने कुणाचं काही बिघडत नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)